बीज पेरलं, पीक आलं नाही: समृद्धीची शिकवण आणि ख्रिस्ती दुःखविचार

शिलालेख

समृद्धीच्या शिकवणीवर (विश्वास ठेवला आणि देणगी दिली की देव आरोग्य आणि पैसा देतोच, ही शिकवण) इथे अधूनमधून चकमक झडते आणि दर वेळी 'ते पास्टर लुटारू' विरुद्ध 'तुम्ही अविश्वासू' यावर येऊन थांबते. पास्टरांच्या गाड्या आणि घड्याळं या धाग्यापुरती बाजूला ठेवू. ही शिकवण कशी रचली आहे, कुठल्या वचनांवर उभी आहे आणि ती वचनं तेवढा भार पेलतात का, एवढंच पाहू.

तिचे खांब चार. पहिला: ख्रिस्ताने क्रुसावर पापाबरोबर आजार आणि दारिद्र्यही उचललं (यशया ५३:५, २ करिंथ ८:९), तेव्हा निरोगी आणि सधन असणं हा विश्वासणाऱ्याचा आत्ताचा, इथला हक्क. दुसरा: तो हक्क तोंडाने 'जाहीर' करायचा. अंगात ताप असला तरी 'मी बरा झालो' म्हणायचं, कारण लक्षणं हे सैतानाचं खोटं (मार्क ११:२३-२४). तिसरा: देणगी म्हणजे बीज, ते पेरलं की शंभरपट येतं (मार्क १०:३०, लूक ६:३८, मलाखी ३:१०). चौथा: पीक आलं नाही तर खोट पेरणाऱ्याची. विश्वास कमी पडला, पाप लपवलं, तोंडातून नकाराचा शब्द गेला, नाहीतर दशांश (मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) चुकवला.

माझ्या मते खरं नुकसान या चौथ्या खांबाने होतं. पहिले तीन फसले तर माणूस निराश होईल. चौथा त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, तेही आयसीयूच्या दारात.

थोडा इतिहास. अमेरिकेतले ई. डब्ल्यू. केन्यन (१८६७-१९४८) १८९२ मध्ये बोस्टनच्या एका वक्तृत्व विद्यालयात शिकले. मन आणि शब्द वास्तव घडवतात असं मानणाऱ्या 'नवविचार' पंथाचं वारं त्या काळी तिथे होतं. त्यांनी ते किती उचललं यावर अभ्यासकांत वाद आहे; त्यांचा मजकूर केनेथ हेगिन (१९१७-२००३) यांच्या लिखाणात परिच्छेदच्या परिच्छेद सापडतो, याबद्दल मात्र फारसा वाद नाही. हेगिन यांनी १९७४ मध्ये ओक्लाहोमात बायबल प्रशिक्षण केंद्र काढलं आणि तिथून ही शिकवण जगभर गेली. 'बीज' हा शब्द लोकप्रिय केला ओरल रॉबर्ट्स (१९१८-२००९) यांनी.

कुणाला कुठलं वचन उचलायचंय?

यमक

३ योहान २ घेतो. ओरल रॉबर्ट्स यांच्या सांगण्यानुसार १९४७ मध्ये हेच वचन त्यांच्या डोळ्यांत भरलं आणि सगळी दिशा बदलली. कोरियातल्या योईदो मंडळीचे (चर्चचे) डेव्हिड योंगी चो यांचा 'तिहेरी आशीर्वाद' (आत्मा, प्रकृती, परिस्थिती) याच वचनावर उभा आहे.

वचनाचा आशय: प्रिय गायस, तुझा जीव जसा कुशल आहे तसं तुझं सगळ्या बाबतींत कुशल असो, तुला आरोग्य असो, अशी मी प्रार्थना करतो. यातलं ग्रीक क्रियापद 'युओदोओ'. 'यु' म्हणजे चांगला, 'होदोस' म्हणजे वाट. वाट नीट लागणं, सगळं ठीकठाक चालणं. बँकेतल्या शिलकेचा यात मागमूस नाही. त्यातून हा पत्राचा मायना आहे. त्या काळातली इजिप्तमधली पपायरसवरची पत्रं पाहिली तर बापाने मुलाला, सैनिकाने आईला लिहिलेल्या पत्रात दुसऱ्याच ओळीला 'तुम्ही निरोगी असावं अशी प्रार्थना' सापडते.

आपल्याकडे 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे' असायचं, तसंच. चि. बंडूस 'शतायुषी हो' लिहिलं म्हणून बंडू शंभरीचा दावा लावायला कोर्टात जात नाही.

कट्ट्यावरचा_नास्तिक

एक शंका, कुजकी नाही, खरीच. हे सगळं नवसासारखंच नाही का? आणि 'खोट पेरणाऱ्यात' हे तर सरळ प्रारब्ध झालं. मग ख्रिस्ती लोकांनी वेगळं काय केलं?

बावखल

@नास्तिक, नवसात आणि बीजात एक व्यवहारी फरक आहे. नवस फेडतात काम झाल्यावर, बीज पेरायचं आधी. बांद्र्याच्या मोत मावलीला ८ सप्टेंबरनंतरच्या जत्रेत बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा. धर्मशास्त्राच्या दृष्टीने यातही खोट निघू शकते आणि आमचे फादर ती काढतातही. पण मेणाचा पाय वाहून गुडघा बरा झाला नाही म्हणून बाईला कुणी 'तुझा विश्वास कमी' म्हणत नाही. ती पुढच्या वर्षी परत येते, एवढंच.

प्रारब्धाबद्दल म्हणाल, तर येशूला नेमका हाच प्रश्न विचारला होता. योहान ९: हा जन्मांध कोणाच्या पापाने, याच्या की आईबापांच्या? उत्तर: याच्याही नाही, त्यांच्याही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला, असं तो उलट विचारतो. बुरूज का पडला हे सांगत नाही. मेलेल्यांवर खापर मात्र फोडू देत नाही.

कॅथलिक बाजूचा मुख्य दस्तऐवज म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे यांचं दुःखावरचं पत्र, ११ फेब्रुवारी १९८४. त्यांच्यावरच्या हल्ल्यात गोळ्या लागून तीन वर्षंही झाली नव्हती. त्यात ईयोबाचं (बायबलमधल्या निरपराध सोसणाऱ्या माणसाचं) दुःख शिक्षा नव्हे असं सरळ मांडलंय आणि पत्राचा शेवट चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडे जातो: दुसऱ्याचं दुःख दिसलं की थांबायचं, जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतायचा, खाणावळीचे पैसे भरायचे.

नवी_द्राक्षवेल

मी पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) मंडळीतली, म्हणून दुसरी बाजू मांडते. आधी एक खुलासा: पेंटेकॉस्टल म्हणजे समृद्धीवाले हे समीकरण चूक आहे. अमेरिकेतल्या असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेने १९८० मध्येच 'तोंडाने जाहीर करा आणि मिळवा' या प्रकाराविरुद्ध अधिकृत निवेदन काढलं होतं.

पण शिलालेख, तुम्ही पहिला खांब फार सहज ढकलताय. यशया ५३ चा संबंध शरीराच्या आजाराशी नाही असं म्हणायचंय? मत्तय ८:१७ वाचा. येशू पेत्राच्या सासूचा ताप उतरवतो, संध्याकाळी आणलेल्या आजाऱ्यांना बरं करतो आणि मत्तय तिथेच यशयाचं वचन टाकतो. म्हणजे शरीराचं बरं होणं आम्ही घुसडलेलं नाही, शुभवर्तमानातच आहे. 'सोसा, स्वर्गात मिळेल' एवढंच सांगणाऱ्या मंडळ्या रिकाम्या का झाल्या, तेही विचारा स्वतःला.

शिलालेख

@नवी_द्राक्षवेल, मत्तय ८:१७ चा मुद्दा मान्य. बरं करणं हा येशूच्या कामाचा गाभा आहे, ते नाकारणारा नवा करार अर्धा फाडतो. प्रश्न 'बरं होतं का' हा नाहीच. 'आत्ता, प्रत्येकाला, हक्काने' या तीन शब्दांचा आहे.

तेच वचन १ पेत्र २:२४ मध्ये कसं येतं पाहा, कारण सभेत जास्त वेळा पेत्रच वाचतात: त्याच्या वळांनी तुम्ही बरे झालात. सहा वचनं मागे जा. २:१८ पासून पेत्र बोलतोय घरगुती दासांशी, आणि विषय आहे खाष्ट मालकाकडून अन्यायाने खाल्लेला मार. 'वळ' हा शब्द ज्यांच्या पाठीवर खरोखरचे वळ आहेत त्यांना उद्देशून आलाय. त्यांना 'तुम्ही बरे झालात' सांगताना पाठीवरचे वळ गेले असा अर्थ पेत्राच्या मनात असणं शक्य नाही. दुसऱ्या दिवशी आणखी पडणार होते. त्याच वाक्यात आधी 'पापाला मेलो, नीतिमत्त्वासाठी जगावं' आहे. वचन कॅलेंडरवर सुटं छापलं की हे सगळं गळून जातं.

२ करिंथ ८:९ चंही तेच. 'तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला, की त्याच्या दारिद्र्याने तुम्ही धनवान व्हावं.' दोन्ही अध्याय, ८ आणि ९, यरुशलेमातल्या गरिबांसाठीच्या वर्गणीबद्दल आहेत. हे पत्र लिहिणारा पौल म्हणतो, मासेदोनियावाले आधीच कंगाल असून त्यांनी दिलं (८:२); तुमच्याकडे आज जास्त आहे, त्यांची तूट भरा, म्हणजे समानता होईल (८:१३-१५). दाखला देतो मान्नाचा, म्हणजे वाळवंटात देवाने दिलेल्या अन्नाचा: जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, कमी केलं त्याला कमी पडलं नाही. पैसा सुस्थितीतल्यांकडून उपाशी माणसाकडे वाहतो. सभांमध्ये हेच वचन वाचून तो उलट्या दिशेने वाहवतात.

दशमान

आणि त्याच अध्यायात पौलाचा हिशेबीपणा बघा, तो कुणी वाचत नाही. ८:१८-२१: मोठी रक्कम हाताळताना कुणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक माणूस सोबत पाठवतोय, देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख राहावं म्हणून. १ करिंथ १६:३ मध्ये तर पैसे नेणारी माणसं करिंथवाल्यांनीच ठरवायची. पैसे मागणारा आणि नेणारा एक नको. पहिल्या शतकातलं अंतर्गत लेखापरीक्षण म्हणा.

आता शंभरपट. १०० रुपये पेरले, शंभरपट म्हणजे १०,०००. ते पुन्हा पेरले, १० लाख. तिसऱ्या फेरीला १० कोटी, चौथ्या फेरीला १,००० कोटी. चार फेऱ्यांत! हे सूत्र असतं तर मंडळीत गरीब शोधावा लागला असता. गंमत म्हणजे खुद्द हेगिन यांनीही अखेरच्या काळात, २००० साली आलेल्या पुस्तकात, शंभरपटीचं गणित असं लावू नका म्हणून आपल्याच लोकांना झापलंय.

रॉबर्ट्स यांनी पन्नाशीच्या दशकात 'आशीर्वादाचा करार' म्हणून योजना काढली होती. दिलेली रक्कम वर्षभरात अनपेक्षित मार्गाने परत आली नाही तर आम्ही पैसे परत करू. चक्क वॉरंटी! पुढे 'बीज' आलं आणि वॉरंटी गेली. पीक न येण्याची जबाबदारी कंपनीकडून गिऱ्हाइकाकडे कधी सरकली, ते इथे बोट ठेवून दाखवता येतं.

यमक

@दशमान, मार्क १०:२९-३० मध्येच आकड्याचं उत्तर आहे. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, सगळं शंभरपट. शंभर आया कशा मिळणार? घरादाराला मुकलेल्या माणसाला मंडळीतली प्रत्येक म्हातारी आई होते, असा तो हिशेब. बारकावा बघा: सोडण्याच्या यादीत 'बाप' आहे, मिळण्याच्या यादीत नाही. बाप एकच, वरचा. शिवाय यादीच्या टोकाला एक शब्द आहे जो बॅनरवर कधीच दिसत नाही: 'छळणुकींसह'.

लूक ६:३८ चं दाबून, हलवून, शिगेला भरलेलं माप पदरात घालणं हे धान्यबाजारातलं चित्र आहे, आपल्या पायलीच्या मापासारखं. पण आधीचं वचन न्याय न करण्याबद्दल आणि क्षमेबद्दल, आणि ६:३५ म्हणतं 'परत मिळण्याची आशा न धरता उसनं द्या'. परतफेडीच्या आशेने देण्यासाठी हे वचन वापरणं म्हणजे कमालच.

नवी_द्राक्षवेल

बरं, दशांशाचं काय? तो तर आज्ञाच आहे. मलाखी ३:१० मध्ये देव स्वतः म्हणतो, सगळा दशांश भांडारात आणा आणि माझी परीक्षा घ्या.

शिलालेख

नियमशास्त्रातला दशांश नक्की काय होता ते पाहू. 'ग्रॉस पगारावर द्यायचा की नेट' अशा प्रश्नांचं मूळ तिथेच तपासता येतं.

तो शेतीचा आणि गुरांचा: धान्य, झाडाचं फळ, आणि कळपातलं काठीखालून जाणारं दर दहावं जनावर (लेवीय २७:३०-३२). सुतार, कोळी, मजूर यांनी रोख दशमांश द्यावा अशी आज्ञा नियमशास्त्रात कुठेही नाही. गणना १८ नुसार दशांश लेव्यांना (देवस्थानाची सेवा करणाऱ्या कुळाला), कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता, आणि लेव्यांनी त्यातला दहावा याजकांना. अनुवाद १४:२२-२७ मध्ये आणखी एक दशांश, तो देणाऱ्याने स्वतः कुटुंबासह खायचा, सणाच्या जागी. गाव लांब असेल तर माल विकून चांदी न्यायची आणि तिथे बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्य, जे जिवाला वाटेल ते घेऊन आनंद करायचा. (हे वचन देणगीच्या पाकिटावर छापलेलं कुणी पाहिलं असल्यास कळवावं.) १४:२८-२९ नुसार दर तिसऱ्या वर्षी दशांश गावातच ठेवायचा: लेवी, उपरा, अनाथ, विधवा यांच्यासाठी. पुढे यहुदी परंपरेने सात वर्षांचं चक्र बसवलं: पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं वर्ष सणाचा दशांश, तिसरं आणि सहावं गरिबांचा, सातव्या वर्षी जमीन पडीक, दशांश नाही.

आता मलाखी. 'भांडार' म्हणजे मंदिराचं धान्यकोठार. नहेम्या १३:१० मध्ये पार्श्वभूमी दिसते: वाटा मिळेना म्हणून लेवी आपापल्या शेतावर निघून गेले होते. देव ज्याला आवरणार म्हणतो तो 'खाऊन टाकणारा' (३:११) म्हणजे बहुधा टोळ, कारण लगेच जमिनीचं पीक आणि द्राक्षवेल येते. ३:५ मध्ये, पाच वचनं आधी, देवाची तक्रार कोणाविरुद्ध? मजुराची मजुरी दाबणारे, विधवा-अनाथांना छळणारे, उपऱ्याचा हक्क मारणारे. हे सारं एका राष्ट्राला, त्याच्या कराराच्या भाषेत सांगितलंय.

नव्या करारात देण्याचं माप २ करिंथ ९:७: मनात ठरवलं तितकं, रडत नाही, जबरदस्तीने नाही. दहा टक्के ही शिस्त म्हणून ठेवायला माझी हरकत नाही. 'नाही दिलेस तर शाप' इथे हरकत आहे.

दशमान

व्यवहारात कुणाला तपासायचं असेल तर: महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाला दरवर्षी ताळेबंद (परिशिष्ट आठ) आणि उत्पन्न-खर्च पत्रक (परिशिष्ट नऊ) द्यावं लागतं. नोंदणी क्रमांक मागा, परिशिष्ट एकचा उतारा काढा, विश्वस्तांची नावं वाचा. सगळे एकाच आडनावाचे असतील तर पुढचं तुम्हाला कळतंच. सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे क्यूआर कोड स्कॅन करून थांबा आणि वर नाव कोणाचं येतं पाहा, न्यासाचं की माणसाचं.

आणि 'साक्षी'बद्दल, म्हणजे देवाने माझं काम केलं हे सभेत उभं राहून सांगण्याबद्दल. समजा २०० जणांनी नोकरीसाठी बीज पेरलं. एरवीही त्यातल्या १० जणांना त्या तीन महिन्यांत नोकरी लागलीच असती. ते दहा माइकवर येतात. १९० जणांसाठी माइक नसतो, आणि त्यांना वाटतं आपण एकटेच राहिलो.

गोधडी

आजारपणाची बाजू कुणी घेतली नाही म्हणून लिहिते, कारण जीव तिथे जातात.

सगळ्यात फसवा आजार क्षयरोग. औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. नेमकी तेव्हाच साक्ष होते आणि 'आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास' म्हणून गोळ्या सुटतात. साधा, औषधाला दाद देणारा क्षय असला तरी कोर्स सहसा सहा महिन्यांचा. मधे सोडला तर उरलेले जंतू औषधाला न जुमानणारे होऊ शकतात. फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर एकामागून एक फिट येत राहण्याचा धोका. लहानपणापासूनच्या, म्हणजे टाइप १ मधुमेहात इन्सुलिन तोडलं तर एकदोन दिवसांत रक्तात आम्ल साठून माणूस बेशुद्धीकडे जातो. बरेच दिवस चाललेली स्टेरॉइडची गोळीही एकदम सोडायची नसते. मानसिक आजाराच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. तिथे 'भूत काढणं' सुरू होतं.

हे टोकाचं वाटत असेल तर इंडियानातल्या होबार्ट फ्रीमन यांच्या मंडळीचं प्रकरण पाहा. डॉक्टर वर्ज्य. बाळंतपणात आणि लहानपणी दगावलेल्यांसकट कितीतरी मृत्यूंची मोजदाद तिथल्या वृत्तपत्रांनी केली. फ्रीमन स्वतः डिसेंबर १९८४ मध्ये उपचार न घेता वारले. उलट रॉबर्ट्स यांनी टल्सात १९८१ मध्ये ६० मजली मनोरा असलेलं रुग्णालय उघडलं, डॉक्टर आणि प्रार्थना एकत्र. १९८९ मध्ये ते बंद पडलं हे खरं, पण डॉक्टर सोडा असं बीजाची शिकवण देणाऱ्या माणसानेही सांगितलं नव्हतं.

वचनांत बघायचं तर पौल आपला सोबती तीमथ्य याला वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो (१ तीमथ्य ५:२३), 'बरा झालास असं जाहीर कर' म्हणत नाही. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला मिलेतात आजारी सोडून आला (२ तीमथ्य ४:२०). तिसरा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला (फिलिप्पै २:२७). याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने कुठे जायचं नाही. मंडळीच्या वडीलधाऱ्यांना घरी बोलवायचं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करायची. तिकीट, स्टेज, रांग काही नाही.

कायद्याचं थोडक्यात: १९५४ चा औषध आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेह, कर्करोग, अपस्मार अशा यादीतल्या आजारांवर चमत्कारी उपायांच्या जाहिरातीला मनाई करतो. 'अभिषिक्त तेल, मधुमेह जातो' अशी जाहिरात करणाऱ्याने तो वाचून ठेवावा. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणं गुन्हा मानतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

बावखल

@गोधडी, उत्तम. भर घालतो: आमच्या कॅथलिक बायबलमध्ये बेनसिराचा ग्रंथ आहे, अध्याय ३८. वैद्याचा मान राख, त्यालाही परमेश्वराने घडवलंय, औषधं जमिनीतून देवानेच उगवली. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हा ग्रंथ नाही, पण उसना घ्यायला हरकत नसावी. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कारही पूर्वी मरणाच्या दारातच द्यायचे, त्यामुळे फादर आले की घरात रडारड सुरू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये, तो पुन्हा 'आजाऱ्यांसाठी' केला. मोठ्या शस्त्रक्रियेआधीही घेता येतो. जुन्या पिढीची धास्ती मात्र गेलेली नाही.

नवी_द्राक्षवेल

औषधाबद्दल पूर्ण सहमत. पण माझा मुद्दा राहिलाच. 'दुःखात अर्थ आहे' हे कोण कोणाला सांगतं? पोट भरलेला उपाशी माणसाला. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाला मिशनरी मंडळीतही मागचा बाक मिळाला आणि वर 'आपला क्रूस उचल'. ज्या मंडळीने त्याला 'तू राजाचा मुलगा आहेस' सांगितलं तिथे तो गेला, दारू सुटली, मुलं इंग्रजी शाळेत गेली. हे फसवणुकीत मोडतं का?

शिलालेख

नाही, आणि हा धाग्यातला सगळ्यात जड प्रश्न आहे.

दारू सुटली की घरात पैसा उरतो. जुगार गेला, उधारी थांबली, दर आठवड्याला विचारपूस करणारी माणसं भेटली, नोकरीची खबर मंडळीतूनच लागली. हे सगळं खरं आहे आणि त्याचं श्रेय त्या मंडळीला द्यायलाच हवं. पण ते बीजाच्या पाकिटातून आलेलं नाही. पाकीट काढून टाकलं तरी ते आलं असतं, थोडं जास्तच.

सोसण्याच्या शिकवणीचा गैरवापर झाला, मान्य. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता लूथर १५१८ मध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत गौरवाचा धर्मशास्त्री आणि क्रुसाचा धर्मशास्त्री असा भेद करतो. पहिला वाइटाला चांगलं आणि चांगल्याला वाईट म्हणतो. दुसरा वस्तू जशी आहे तशी सांगतो. या कसोटीवर 'तुझी गरिबी हे देवाचं वरदान' म्हणणारा जमीनदारही गौरववालाच ठरतो. उपासमारीला उपासमार म्हणायचं, मग ती थांबवायला जायचं.

आपल्या इथलंच उदाहरण केडगावचं आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये जे आध्यात्मिक जागरण (रिव्हायव्हल) झालं, ते जगभरचे पेंटेकॉस्टल आपल्या मुळांत धरतात. गरज देवापुढे मांडायची, तो भागवेल, ही त्यांचीही श्रद्धा. पण आलेला पैसा कुठे गेला पाहा: १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे ३०० मुली-बायका, विहिरी, शेती, छापखाना. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी, हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल पुरं करून. चौथा खांब लावला तर रमाबाईंचा विश्वास कुठे कमी पडला, हे कुणीतरी सांगावं लागेल.

कट्ट्यावरचा_नास्तिक

ईयोबाला शेवटी सगळं दुप्पट मिळालं ना? मग समृद्धीवाले जिंकले.

यमक

मोजा. मेंढरं ७,००० ची १४,०००, उंट ३,००० चे ६,०००, बैलजोड्या ५०० च्या १,०००, गाढवी ५०० च्या १,०००. मुलं आधी सात मुलगे, तीन मुली; नंतर सात मुलगे, तीन मुली. दुप्पट नाहीत. मेलेली दहा मेलेलीच राहिली. स्वर्गातल्या पैजेबद्दल (संकटातही तो देवाला धरून राहील का, यावरची देव आणि सैतानातली) ईयोबाला अखेरपर्यंत कुणी सांगतही नाही. आणि ४२:७ मध्ये देव रागावतो तो मित्रांवर. 'तू काहीतरी केलं असशील' म्हणणारे ते तिघे चौथ्या खांबाचे मूळ पुरुष. त्यांनी केलेली एकच बरी गोष्ट २:१३ मध्ये आहे: सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत.

गोधडी

आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी तेवढं केलं तरी पुरे. वाचायचंच असेल तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारात संपतं, पुढे 'तरीही' नाही. किंवा १३ वं, चार वेळा 'किती काळ?' विलापाची स्तोत्रं साधारण अशी बांधलेली असतात: हाक, तक्रार, मागणी, भरवसा, स्तुतीचं वचन. आजाऱ्याला त्याच क्रमाने स्वतःचं चार ओळींचं लिहायला सुचवा. तक्रारीच्या ओळीवर घाई करू नका, आणि भरवशाची ओळ जमली नाही तर कोरी सोडू द्या. स्तोत्र ८८ मध्ये ती जेमतेमच आहे.

बावखल

जाता जाता यिर्मया २९:११ पण घ्या हो कुणीतरी. 'तुमच्या हिताचे संकल्प' दर दुसऱ्या की-चेनवर आहे.

यमक

एक वचन मागे, २९:१०: सत्तर वर्षं झाल्यावर. हे पत्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी कैद्यांना आहे. ते ऐकणारे बहुतेक जण परतायच्या आधी तिथेच मरणार होते, आणि परतीची लवकरची तारीख देणाऱ्या हनन्याला त्याआधीच्याच अध्यायात खोटा संदेष्टा ठरवलंय. तोवर काय करायचं ते २९:५ मध्ये: घरं बांधा, राहा, बागा लावा, त्यांची फळं खा.

दशमान

बाग लावून लगेच फळ नाही. लेवीय १९:२३-२५ प्रमाणे पहिली तीन वर्षं फळ वर्ज्य, चौथ्या वर्षीचं देवाचं, खायचं पाचव्या वर्षी.

यमक

तो नियम कनानात, म्हणजे देवाने वचन दिलेल्या देशात, गेल्यावरचा आहे, बाबेलला लागू होत नाही. पण लावलेल्या खजुराला फळ धरायला तिथेही चार-पाच वर्षं लागतच असणार.